शोधयंत्रास आपली ओळख
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आजच्या भाषणाची कामगिरी मजवर सोपविली तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, मी जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केलेला मनुष्य, तेव्हा वाचनाचे महत्त्व या नेहमीच्या विषयावर अर्धा तास बोलेन. माझा विषय त्याहून रूक्ष आहे. संकेतस्थळाच्या पानावर वाचणाऱ्याच्या दृष्टीस न पडणारी, परंतु शोधयंत्रास नेमकी वाचता येणारी एक चिठ्ठी लावता येते. इंग्रजीत तीस स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. ती चिठ्ठी कशी असते, तिने काय साधते आणि काय साधत नाही, हे मला सांगावयाचे आहे. सभागृहात बसलेल्या तरुण मंडळींना यातले मजहून अधिक कळत असेल, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु ज्या कारणाने मी या विषयाकडे वळलो ते कारण आपल्या पुण्याच्या वसतिगृहाशी निगडित आहे, आणि म्हणून ते सर्वांच्या कानी घालणे मला अगत्याचे वाटते.

जानेवारी २०२३ च्या गुणगौरव समारंभात मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेल्या मुलास पारितोषिक देताना मी त्यास सहज विचारले, "वसतिगृहात कितव्या खोलीत राहतोस?" तो म्हणाला, "काका, मी वसतिगृहात नाही. कॉट बेसिसवर राहतो." मी चकित झालो. मुलगा हुशार, घरची स्थिती बेताची. वसतिगृह ज्यांच्यासाठी बांधले त्यांपैकी तो अगदी पहिला. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, जून २०२२ मध्ये तो वडिलांसह स्वारगेटला उतरला आणि तेथूनच त्याने फोनवर मंडळाचे नाव घालून वसतिगृहाचा शोध घेतला. प्रथम आले ते निरनिराळ्या ठिकाणांचे पत्ते गोळा करून देणाऱ्या कोणा एका संकेतस्थळाचे पान. त्यावरील दूरध्वनी क्रमांक कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेला. दोघांनी दोन वेळा तो फिरविला, कोणी उचलला नाही, तेव्हा वसतिगृह बंद झाले असावे असे समजून त्यांनी भाड्याची खाट पाहिली. ते भाडे भरण्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले.

त्या वर्षी आपल्या वसतिगृहात चार खाटा रिकाम्या होत्या. नोंदवही मजपाशी आहे.

घरी गेल्यावर मी आपल्या मंडळाचे पान उघडून पाहिले. दोष सर्वस्वी त्या परक्या संकेतस्थळाचा होता असे म्हणावयास मला तोंड उरले नाही. आपल्या पानावर वसतिगृहाची सारी माहिती होती, परंतु ती छापील पत्रकाचे छायाचित्र म्हणून चिकटविलेली होती. आपणास आणि मला ते पत्रक दिसते, वाचता येते. शोधयंत्रापुढे मात्र ते प्राधान्याने एक चित्र असते. मंडळाच्या पायरीवर बसलेल्या मांजराचे छायाचित्र असते, तसेच. पानावरील उरलेला मजकूर युनिकोडपूर्व काळातील टंकात टाकलेला. तो टंक ज्या संगणकावर असेल तेथेच मराठी उमटावयाचे. एरवी, आणि यंत्राच्या दृष्टीने नेहमीच, ती अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. म्हणजे आपण आपल्या घरावर पाटी लावली होती खरी, परंतु ती आतल्या बाजूस तोंड करून. मंडळाच्या संकेतस्थळाची देखरेख गेली काही वर्षे मजकडेच होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता शोधयंत्र काय करते ते पाहू. त्याचे फिरते वाचक दिवसरात्र पानांमागून पाने वाचीत असतात आणि त्यांची एक अवाढव्य सूची तयार होते. आपण शोध घेतो तो या सूचीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जी कल्पना मांडली, तिच्यातून जगभरच्या पानांचे हे जाळे उभे राहिले. त्या पानांची खूणभाषा सांगते ती एवढेच की हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. हा परिच्छेद कोणा गृहस्थाचा पत्ता आहे की पुस्तकाचे परीक्षण, हे त्या खुणांतून कळत नाही. मनुष्य ४११ ने सुरू होणारा सहा अंकी आकडा पाहतो आणि पुण्याचा पिनकोड ओळखतो. यंत्रही आता पुष्कळ चांगले अनुमान करते. पण ते अनुमानच. "१२/३ रोजी" असे आपण लिहिले तर ते बारा मार्च की तीन डिसेंबर? आपल्यास शंका येत नाही, अमेरिकेतील वाचकास येते. आणि "माघ शुद्ध पंचमीस" असे लिहिले तर यंत्राचा नाइलाज होणे अगदी संभवनीय आहे.

ही अडचण ओळखून पानांतील मजकुराचा अर्थही यंत्रास कळेल अशा रीतीने नोंदवावा, असा विचार बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका प्रसिद्ध लेखात मांडला. परंतु प्रत्येकाने आपापली निराळी चिठ्ठी लावली तर ती वाचावयाची कोणी? अखेर २ जून २०११ रोजी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचे बिंग या परस्परांच्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन स्कीमा डॉट ऑर्ग नावाची एक सामाईक शब्दावली जाहीर केली. रशियातील यांडेक्स त्याच वर्षी त्यांस येऊन मिळाले. वस्तू कोणत्या प्रकारची, तिचे गुणधर्म कोणते आणि ते कोणत्या नावाने लिहावयाचे, याचा हा संकेत आहे. त्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा फार मोठा ते रामनाथन गुहा हे मद्रासच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी.

मद्रासचे नाव निघाले तेव्हा माझ्यासारख्या ग्रंथपालास रंगनाथनांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली आपली कोलन वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. पुस्तकाच्या विषयाचे निरनिराळे पैलू पाडावयाचे आणि त्यांमध्ये कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम, घालावयाचा, हे तिचे प्रथम रूप. आज या अदृश्य चिठ्ठीत डावीकडे गुणधर्माचे नाव, मध्ये अपूर्णविराम आणि उजवीकडे त्याचे मूल्य असे लिहितात. या दोहोंचा संबंध जोडण्याचा माझा आग्रह नाही. परंतु म्हातारपणी ती दोन टिंबे पडद्यावर पाहिली तेव्हा नव्या बिऱ्हाडात जुने भांडे सापडावे तसे मला वाटले, एवढे खरे.

चिठ्ठी लिहिण्याच्या रीती तीन आहेत. त्यांपैकी मायक्रोडेटा आणि आरडीएफए या दोहोंत खुणा मजकुराच्या मध्येच विखुरलेल्या असतात. त्यांचा विस्तार करीत नाही. तिसरी जेसन-एलडी. हिच्यात सारी माहिती एका ठिकाणी, महिरपी कंसात, मजकुरापासून वेगळी ठेवता येते. २०१४ च्या जानेवारीत जागतिक वेब संघाने तीस प्रमाणरीत म्हणून मान्यता दिली आणि गूगलही तिचीच शिफारस करते. माझ्यासारख्या नवख्यास हीच सोयीची.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी भाचीच्या साहाय्याने कामास लागलो. तिने मला प्रथमच बजावले, "मामा, चिठ्ठीचे मागाहून. आधी पान नीट करा." तिचे म्हणणे रास्त होते. डब्यात काही नसताना वर 'साखर' म्हणून लिहून काय उपयोग? पत्रकाचे छायाचित्र काढून मजकूर युनिकोडमध्ये पुनः टंकलिखित केला. त्यास आठ दिवस लागले. नकाशावरील मंडळाच्या नोंदीतही तोच जुना क्रमांक होता. ती नोंद निराळी असते आणि निराळीच दुरुस्त करावी लागते. ज्या परक्या संकेतस्थळावर चुकीचा क्रमांक होता त्यांना तीन पत्रे लिहिली, तेव्हा कोठे तो काढला गेला.

मग चिठ्ठी. पहिला प्रश्न प्रकाराचा. स्कीमाच्या शब्दावलीत 'हॉस्टेल' असा एक प्रकार आहे, तो पाहून मला आनंद झाला. भाचीने तेथील व्याख्या वाचून दाखविली, तेव्हा ध्यानी आले की ते हॉस्टेल म्हणजे प्रवाशांना स्वस्तात उतरावयाची जागा. आपले वसतिगृह म्हणजे विद्यार्थ्यांचा वर्षभराचा निवास. येथे दोन रात्रींसाठी खोली मिळत नाही. शब्द तोच, वस्तू निराळी! हा प्रकार लिहिला असता तर आम्ही यंत्रास स्वतःविषयी चुकीची माहिती स्वहस्ते दिली असती. अखेर 'ऑर्गनायझेशन', म्हणजे संस्था, हा व्यापक प्रकार घेतला. नेमके नाव सापडत नसेल तेव्हा खोट्या नेमकेपणाहून खरा ढोबळपणा बरा, असे मला ग्रंथालयातील अनुभवानेही वाटते.

त्यानंतर नाव. मंडळाचे नाव देवनागरीत एकच; परंतु रोमन लिपीत आपण ते आजवर पाच प्रकारांनी लिहिलेले आहे. नोंदणीपत्रावर एक, बँकेत दुसरे, वसतिगृहाच्या पाटीवर तिसरे. कोठे 'व्ही', कोठे 'डब्ल्यू', कोठे शेवटी 'ए' आहे, कोठे नाही. यंत्रास या पाच संस्था वाटल्या तर त्याचा काय दोष? अशा प्रसंगासाठी 'पर्यायी नाव' असा गुणधर्म आहे. त्यात चारही रूपे घातली. शिवाय 'तीच ही' असे सांगणारा एक गुणधर्म आहे. मंडळाची जेथे जेथे अधिकृत पाने आहेत त्यांचे दुवे तेथे द्यावयाचे, म्हणजे ती सारी एकाच संस्थेची आहेत हे स्पष्ट होते. दूरध्वनी क्रमांक देशाच्या ९१ या अंकांसह. पत्त्याचे रस्ता, शहर, राज्य, पिनकोड असे भाग पाडून. "मारुतीच्या देवळामागे" ही आपली खूण पानावर ठेवली. चिठ्ठीत मात्र रस्त्याचे नाव दिले. संमेलनाच्या पानास 'इव्हेंट' हा प्रकार लावून तारीख आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि वेळेपुढे भारतीय वेळेची साडेपाच तासांची खूण.

एवढे करून तपासावयास गेलो तो यंत्राने सारी चिठ्ठीच अमान्य केली! शोधत बसलो. रात्री अकरा वाजता कारण सापडले. मी तो मजकूर पत्रे लिहितो त्याच साधनात टंकलिखित केला होता, आणि त्याने आपण होऊन माझी सरळ अवतरणचिन्हे वळणदार केली होती. ती सरळ केली, तेव्हा एक स्वल्पविराम कमी निघाला. मनुष्य स्वल्पविरामावाचून वाक्य समजून घेतो. येथे एका स्वल्पविरामासाठी अख्खी चिठ्ठी रद्द. तपासण्याची दोन साधने विनामूल्य उपलब्ध आहेत, एक गूगलचे आणि एक स्कीमाचे स्वतःचे. ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी दोन्ही वापरल्यावाचून चिठ्ठी पानावर घालू नये.

याचा लाभ काय, असे कोणी विचारील. चिठ्ठी लावल्याने आपले पान शोधात वर चढते, असे सांगून पैसे घेणारे लोक आहेत. आपल्यापैकी एका दुकानदार बंधूने अशा एका सल्लागारास बरीच रक्कम दिल्याचे मला ठाऊक आहे. गूगलचे स्वतःचे सांगणे निराळे आहे. चिठ्ठीमुळे पान विशेष स्वरूपात, म्हणजे तारीख, ठिकाण, छायाचित्र यांसह दाखविले जाण्यास पात्र ठरते. तसे ते दाखविले जाईलच याची हमी नाही, आणि केवळ चिठ्ठीसाठी क्रमांक वर जात नाही. शिवाय नियम बदलणे त्यांच्या हाती. मी प्रवेशासंबंधीच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून त्यांस प्रश्नोत्तरांची चिठ्ठी मोठ्या हौसेने लावली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की, तशी प्रश्नोत्तरे यापुढे प्रामुख्याने नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांचीच दाखविली जातील. झाले! माझी हौस फिटली. प्रश्नोत्तरे मात्र पानावर राहू दिली, कारण ती वाचणाऱ्या पालकास उपयोगी आहेत.

याच स्मरणिकेच्या मागील पृष्ठांवर आपल्या बंधुभगिनींच्या व्यवसायांच्या जाहिराती आहेत. त्यांपैकी ज्यांची स्वतःची पाने आहेत त्यांनी निदान नाव, पत्ता, दूरध्वनी आणि उघडण्याच्या वेळा एवढी चिठ्ठी लावावी. वेळा लिहिताना साप्ताहिक सुट्टी विसरू नये. पाककृतींनाही अशी चिठ्ठी असते. आपल्या एका भगिनीने मसाल्याच्या विक्रीबरोबर काही पाककृती पानावर दिल्या आहेत. तिला मी सांगितले की, अर्धा तास हा कालावधी 'पी टी ३० एम' असा लिहावयाचा. ती म्हणाली, "भाऊ, पी. टी. म्हणजे शाळेतला कवायतीचा तास का?" तिचे लिहिणे आता मजहून बिनचूक असते.

आता मतभेदाच्या दोन गोष्टी सांगतो. त्या कार्यकारिणीच्या सभेत निघाल्या होत्या आणि पुनः निघतील.

एका उत्साही सभासदाने सुचविले की, वसतिगृहाच्या पानावर पाचपैकी पाच तारे अशी चिठ्ठी लावावी, सगळेच लावतात. मी विरोध केला. पानावर जे वाचकास दिसत नाही ते चिठ्ठीत लिहिणे नियमाविरुद्ध आहे, आणि असे करणाऱ्या पानाची विशेष स्वरूपात दिसण्याची पात्रता गूगल काढून घेऊ शकते. त्यातही संस्थेने आपल्याच पानावर स्वतःविषयी दिलेले तारे दाखविणे त्यांनी सप्टेंबर २०१९ पासून बंद केलेले आहे. म्हणजे खोटे बोलल्याचा ठपका यावयाचा आणि लाभ शून्य. आपल्या वसतिगृहाच्या न्हाणीघराची सध्याची स्थिती मुलांनी मला सांगितली आहे. पाच ताऱ्यांची गोष्ट आपण तूर्त न काढलेली बरी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आपली वधूवर सूची आणि सभासदांची यादी याच रीतीने चिठ्ठ्या लावून संकेतस्थळावर घालावी, म्हणजे स्थळे शोधणे सुलभ होईल, असा एक प्रस्ताव आला होता. 'पर्सन' असा प्रकार आहे, जन्मतारखेचा गुणधर्म आहे, पत्त्याचा आहे. तांत्रिक अडचण काहीच नाही. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयीही मला शंका नाही. परंतु आपली छापील सूची घराघरांतल्या फडताळात राहते. वसतिगृहाच्या क्रमांकावर लावलेली चिठ्ठी जशी कोणासही, कोठेही, क्षणात वाचता येते, तशीच ती एखाद्या मुलीच्या जन्मतारखेवर आणि दूरध्वनीवर लावली तर कोणासही, कोठेही, क्षणात वाचता येईल. ज्यांच्याशी आपला काडीचा संबंध नाही असे लोक ती यांत्रिक रीतीने उचलून विकतील. सर्वांस सापडावे हे वसतिगृहाचे हित. घरातल्या लेकीबाळींचे हित त्यात नाही. व्यक्तींच्या माहितीविषयी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आहे, आणि संमतीचा विचार त्याच्या केंद्रस्थानी आहे. पण कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते. कार्यकारिणीने प्रस्ताव तहकूब ठेवला आहे. फेटाळलेला नाही. म्हणून आपणा सर्वांसमोर हे बोललो. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी चिटणिसांकडे लेखी पाठवावे.

राहता राहिली देखरेख. अधीक्षक बदलतात, क्रमांक बदलतात, प्रवेशाच्या तारखा दरवर्षी बदलतात. जुना क्रमांक असलेली चिठ्ठी ही मुळीच नसलेल्या चिठ्ठीपेक्षा वाईट. यंत्र ती निःशंकपणे पुढे करते. म्हणून मी सभेत आग्रह धरला की, वसतिगृहाचा क्रमांक अधीक्षकांच्या स्वतःच्या फोनचा नसावा, कार्यालयाच्या नावे असावा. तो तसा घेतला आहे. आता चौकशीस येणाऱ्या प्रत्येकास आपला पत्ता कोठून कळला, हे विचारून वहीत लिहावयाचे असेही ठरले आहे. या वहीवरून मी आज काही निष्कर्ष सांगणार नाही. वह्या भरावयास वेळ लागतो.

तो मराठवाड्यातील मुलगा जून २०२३ पासून वसतिगृहात आहे. पुढच्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, एके संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "काका, पानावर अर्जाची शेवटची तारीख २० जून लिहिली आहे, आणि तुमच्या त्या चिठ्ठीत १५ जूनच आहे. गेल्या वर्षीची." मी मजकूर बदलला होता आणि चिठ्ठी बदलावयास विसरलो होतो. ती चूक मी त्याच रात्री दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवसापासून संकेतस्थळाच्या देखरेखीत त्यास आपल्या जोडीस घेतले. यंदाच्या तारखा त्यानेच घातल्या आहेत. तो येथे मागच्या रांगेत बसला आहे. ज्या बंधुभगिनींना आपल्या पानांसाठी साहाय्य हवे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यास गाठावे.